शस्त्रक्रियेपूर्वीचे दिवस : वजनाच्या उपचारातील घरचा वाटा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



तप, स्वाध्याय आणि दान या विषयांच्या रांगेत वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय यावा, हे काही श्रोत्यांना विसंगत वाटेल. परंतु गांधीबाग किंवा इतवारीतील कोणत्याही पेढीवर दुपारी चारच्या सुमारास नजर टाकावी. गादीवर पन्नाशीचा मालक, गल्ल्याशेजारी मधुमेहाच्या गोळ्या, दर तासाला येणारा अर्धा कप गोड चहा, आणि कापडाचा तागा काढण्यासाठी उठणारा नोकर. याच मालकाचे वडील दिवसातून शंभर वेळा स्वतः उठत, तागा उलगडत आणि पुन्हा घडी घालून ठेवीत. तो व्यायाम आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. घरातील भगिनींची स्थितीही फारशी वेगळी नाही. मंदिराच्या पायऱ्या चढताना दोनदा थांबावे लागते, आणि प्रतिक्रमणाला जमिनीवर बसणे तर कित्येकींनी केव्हाच सोडले आहे.

अशा घरांतून अलीकडे एक वाक्य ऐकू येते : ‘डॉक्टरांनी वजनाचे ऑपरेशन सांगितले आहे.’ हे वाक्य नेहमी हळू आवाजात उच्चारले जाते. हृदयाचे बायपास झाले तर भेटीला रीघ लागते. पण वजनाच्या शस्त्रक्रियेला घरातील माणसे ‘हर्नियाचे ऑपरेशन’ असे नाव देतात. या लपवालपवीचा परिणाम शस्त्रक्रियेपूर्वीच्या त्या दोन-तीन महिन्यांवर होतो, ज्यांविषयी आज विशेष बोलावयाचे आहे.

शस्त्रक्रिया ठरते आणि ती प्रत्यक्ष होते, या दोहोंत काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत अंतर असते. बहुतेक लोक हा काळ निव्वळ प्रतीक्षेचा समजतात. कापडाच्या व्यवहारातील माणसाला मात्र या समजुतीतील चूक चटकन कळावी. सुती कापड शिवण्यापूर्वी पाण्यातून काढून वाळवावे लागते. त्याला जे आकसायचे आहे ते कात्री लागण्याआधी आकसलेले बरे. ही पायरी गाळली तर शिंपी कितीही निष्णात असो, पहिल्या धुण्यात सदरा अंगाला घट्ट होतो आणि बोल मात्र शिंप्याला लागतो.

या बाबतीत नागपूरकरांना उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. श्री. नितीन गडकरी यांनी २०११ च्या सप्टेंबरात मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. त्या वेळी ते आपल्या पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष होते, आणि त्यांची खवय्येगिरी तर सर्वांना ठाऊक आहे. वृत्तपत्रांतून ती बातमी उघडपणे आली, आणि नागपुरात कोणाचेही आकाश कोसळले नाही. पुढे २०२२ च्या फेब्रुवारीत उज्जैन येथील जाहीर सभेत, केंद्रीय मंत्री या नात्याने, त्यांनी स्वतःच सांगितले की एके काळी आपले वजन १३५ किलो होते आणि आता ते ९३ वर आले आहे. त्याच सभेत त्यांनी तेथील खासदार अनिल फिरोजिया यांना आव्हान दिले की, जितके किलो वजन कमी कराल तितक्या किलोमागे १००० कोटी रुपये उज्जैनच्या विकासकामांसाठी. फिरोजिया यांचे वजन तेव्हा १२७ किलो होते. त्यांनी आहार आणि व्यायाम यांच्या बळावर काही महिन्यांत १५ किलो कमी केले. रकमेचा हिशेब राजकारणी मंडळींनी पाहावा. वैद्यकीय दृष्टीने महत्त्वाचे ते इतकेच की शब्द हजारो माणसांसमोर दिला गेला होता, आणि जो भेटेल तो ‘किती झाले?’ म्हणून विचारीत होता.

दुसरे उदाहरण मनाला लागणारे आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या निवडणुकीच्या दिवशी एका सुप्रसिद्ध लेखिकेने एका अतिशय स्थूल पोलिसाचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकून त्याची थट्टा केली. तो पोलीस मुंबईचा नव्हताच. तो मध्य प्रदेश पोलिसांतील निरीक्षक होता आणि त्याचे वजन १८० किलो होते. खादाडपणामुळे नव्हे, तर आजारामुळे आपले शरीर वाढले, असे त्याने सांगितले. थट्टेमुळे देशभर झालेल्या चर्चेतून त्याला मुंबईत उपचार मिळाले आणि त्याचे वजन पुढे पुष्कळ उतरले. शेवट गोड झाला. तरीही अशा हसण्याला भिऊन आपल्या समाजातील कितीतरी माणसे डॉक्टरांकडे जाण्याचेच टाळतात, हे विसरता येत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २१ व्या अध्यायात, आठ ‘निंदित’ पुरुषांत अतिस्थूलाची गणना केली आहे. चिकित्सकाने अधिक लक्ष द्यावे म्हणून केलेली ती नोंद होती. समाजाने मात्र तिच्यातील लक्ष सोडून दिले आणि निंदा तेवढी उचलली.

आता ही शस्त्रक्रिया कोणासाठी आणि तिच्यापूर्वी नेमके काय करावयाचे, ते पाहू. वजनाच्या किलोंना मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो त्यास बीएमआय म्हणतात. १६५ सेंटिमीटर उंची आणि १०० किलो वजन असेल, तर तो ३६ च्या वर येतो. १९९१ साली अमेरिकेत ठरलेल्या निकषानुसार ४०, किंवा मधुमेहासारखी व्याधी असल्यास ३५, ही मर्यादा होती. २०२२ साली आंतरराष्ट्रीय शल्यचिकित्सक संघटनांनी ती खाली आणली, आणि आशियाई माणसांना कमी वजनावरच मधुमेह जडतो हे ध्यानात घेऊन त्यांच्यासाठी २७.५ पासून विचार करावा असे सुचविले. विम्याचे माप मात्र वेगळे आहे. विमा नियामक प्राधिकरणाने प्रमाणित केलेल्या अटींत अजून ४०, किंवा गंभीर व्याधीसह ३५, हेच अंक आहेत. शिवाय इतर उपाय करून ते फसले, असे दाखवावे लागते. म्हणून आहारतज्ज्ञाची चिठ्ठी, वजनाच्या नोंदी आणि तपासण्यांचे कागद तारीखवार फाईलला लावून ठेवावेत. आयकराचे कागद सात-आठ वर्षे जपणाऱ्या व्यापाऱ्याला हे अवघड नाही.

‘स्लीव्ह’ या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात. ‘बायपास’मध्ये जठराची लहान थैली करून तिला लहान आतड्याचा पुढचा भाग जोडतात. दोन्ही दुर्बिणीद्वारे होतात. त्यांतील धोका अल्प आहे, पण शून्य नाही. अतिस्थूल माणसाचे यकृत मेदाने फुगलेले असते आणि त्याचा डावा भाग नेमका जठरावर पसरलेला असतो. शल्यचिकित्सकाला तो उचलून धरूनच काम करावे लागते. शस्त्रक्रियेपूर्वीचे सुमारे दोन आठवडे ८०० ते १२०० कॅलरींचा, भरपूर प्रथिनांचा आणि बहुतांशी पातळ आहार घेतला की यकृत आकसते आणि जागा मोकळी होते. डॉक्टर उगाच उपाशी ठेवतात, अशी तक्रार करणाऱ्यांनी हे कारण समजून घ्यावे.

फुफ्फुसांसाठी तीन चेंडूंचे श्वासाचे उपकरण देतात; ते कपाटात ठेवण्यासाठी नसते. झोपेत घोरताना ज्याचा श्वास थांबतो त्याने ती तपासणी आधीच करून घ्यावी. आणि खर्रा! नागपूरच्या माणसाला हे स्वतंत्रपणे सांगावे लागते. तंबाखूने जखम भरण्यास विलंब होतो आणि पोटात व्रण होण्याचा धोका वाढतो. तेव्हा खर्रा निदान सहा आठवडे आधी सुटला पाहिजे. सुपारीपुरता ठेवू, अशी तडजोड येथे चालत नाही.

इतके सर्व माहीत असूनही माणूस तिसऱ्या आठवड्यात ढिला पडतो. पहिले आठ दिवस उत्साह, मग एखादे लग्न, मग ‘उद्यापासून’. उत्साह ही हवामानासारखी गोष्ट आहे. तिच्यावर धंदा चालत नाही. जैन परंपरेने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता, आणि त्यावर काढलेला उपाय म्हणजे पच्चक्खाण. नवकारसीचे पच्चक्खाण सूर्योदयानंतर ४८ मिनिटांचे असते. सामायिक ४८ मिनिटांचेच. जन्मभर संयम पाळ, असे कोणी सांगत नाही. दोन घटिका पाळ, एवढेच सांगतात, आणि तेही मनातल्या मनात नव्हे, तर गुरूंसमोर किंवा संघासमोर घ्यावयास लावतात. वर्षीतपाचे आराधक सुमारे तेरा महिने एक दिवसाआड उपवास करून अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने पारणे करतात, ते तेरा महिन्यांचा विचार करून नव्हे. ते फक्त उद्याचा उपवास धरतात.

शस्त्रक्रियेची तयारी करणाऱ्यानेही असेच करावे. ‘आज संध्याकाळपर्यंत साखरेचा चहा नाही’, हे पच्चक्खाण कोणालाही झेपते. ते पत्नीसमोर, मुलासमोर किंवा पेढीवरील मुनीमजींसमोर मोठ्याने उच्चारावे. याच कारणासाठी लपवालपवी घातक ठरते. ज्याने हर्निया म्हणून सांगितले आहे, त्याला ‘आज चाललास का?’ असे कोण विचारणार?

चालणे कसे वाढवावे, याविषयी फार मोठी आखणी नको. १२० किलोच्या माणसाने पहिल्याच दिवशी अंबाझरीच्या बांधावर तास घालवला, तर दुसऱ्या दिवशी गुडघे त्याला अंथरुणावरून उठू देत नाहीत, आणि मग ‘मला चालणे सोसत नाही’ असा निकाल लागतो. दहा मिनिटांपासून आरंभ करावा, दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. मध्ये श्वास घेत बोलता येईल इतपत वेग असावा. साधारण दोन महिन्यांत एका सामायिकाइतके, म्हणजे ४८ मिनिटे, चालणे जमते. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा सकाळचे साडेसहा ही मर्यादा समजावी; नंतर घराच्या गच्चीखालील जिन्यात किंवा लांब ओसरीत फेऱ्या घालाव्यात. गुडघे अगदीच गेलेल्यांनी खुर्चीवर बसून पाय सरळ करणे, हातांचा आधार न घेता उठणे, असे दिवसातून तीन वेळा करावे. पायांचे स्नायू हलते राहिले की शस्त्रक्रियेनंतर रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो.

पेढीवरील माणसासाठी मात्र सर्वांत सोपा व्यायाम म्हणजे तागा स्वतः काढणे. नोकराला थोडी विश्रांती मिळेल आणि गिऱ्हाइकालाही बरे वाटेल. चौमासा सोडून साधु-साध्वीजींचा विहार चालू असतो तेव्हा पहिले एक-दोन किलोमीटर त्यांच्यासोबत जाता येते. भूमीकडे पाहत, सावकाश, ईर्यासमितीने टाकलेले पाऊल जड शरीराच्या माणसालाही सोसते. आणि सोबत असली की पाय आपोआप पुढे पडतात.

वजनाचा काटा रोज पाहू नये. पाण्याच्या चढ-उताराने तो एका दिवसात किलो-दीड किलो फिरतो आणि माणूस निष्कारण खचतो. आठवड्यातून एक वार ठरवावा. त्याहून विश्वासू साधन म्हणजे कापडाचा फीत-माप. काटा अडून बसतो तेव्हाही कंबर अर्धा इंच उतरलेली असते, आणि ही गोष्ट शिंप्याला डॉक्टरांच्या आधी कळते.

आहाराच्या बाबतीत जैन रुग्णाची काही खास अडचण आहे, आणि काही खास शक्तीही. शक्ती अशी की ऊनोदरी हे बाह्य तपांतील एक तप आहे. शास्त्रात पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घास आणि स्त्रीचा २८ घास सांगितला आहे. त्याहून कमी घेणे ती ऊनोदरी. शस्त्रक्रियेनंतर जे करणे भागच पडणार आहे, ते तयारीच्या काळात स्वेच्छेने करून पाहावे : लहान ताटली, लहान घास, वीस-पंचवीस वेळा चावणे, आणि जेवताना पाणी न पिणे. ऊनोदरीला उपवासाइतका मान समाज देत नाही, कारण तिची मिरवणूक निघत नाही. खरे तर भरल्या ताटावरून सहा घास कमी घेऊन उठणे हे न जेवण्यापेक्षा अवघड असते.

अडचणींची यादी रुग्णालयातील आहारतज्ज्ञांपुढे पहिल्याच भेटीत ठेवावी. त्यांच्या छापील तक्त्यात गाजर-बटाट्याचे सूप असते, अंड्याचा पांढरा भाग असतो, मुगाच्या धिरड्यासोबत दही असते. कंदमूळ आणि द्विदल म्हणजे काय हे त्यांना ठाऊक असेलच असे नाही. न सांगता घरी येऊन तक्ता बाजूला ठेवणे, हे दोघांचेही नुकसान आहे. दुधी, टोमॅटो, लाल भोपळा यांचे सूप चालते. पनीर, ताक, मूग, हरभरा, सोयाबीन आणि दुधापासून केलेली प्रथिनांची पूड यांतून पुरेशी प्रथिने मिळू शकतात. शाकाहारी माणसांत बी-१२ अनेकदा आधीच कमी असते, आणि शस्त्रक्रियेनंतर ते आणखी घटते, म्हणून बी-१२, ड जीवनसत्त्व आणि लोह यांची तपासणी आधीच करून कमतरता भरून काढावी. औषधाच्या कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. गोळीच्या रूपात किंवा शाकाहारी आवरणात तेच औषध मागता येते.

सर्वांत नाजूक प्रश्न चौविहाराचा. शस्त्रक्रियेनंतर जठर इतके लहान होते की एका वेळी पेलाभर पाणी पिता येत नाही. दिवसभर घोट घोट करून दीड-दोन लिटर पूर्ण करावे लागते. हिवाळ्यात नागपूरला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यानंतर दुसऱ्या सकाळपर्यंत पाणी नाही म्हटले, तर पहिल्या काही आठवड्यांत शरीरातील पाणी घटून पुन्हा रुग्णालयात जाण्याची वेळ येऊ शकते. यावर उत्तर शोधण्याची वेळ शस्त्रक्रियेनंतरची नव्हे. तयारीच्या काळातच गुरुमहाराजांपुढे आणि डॉक्टरांपुढे हा प्रश्न ठेवावा. रुग्णावस्थेतील सवलतीचा विचार परंपरेत आहेच. ती सवलत गुरूंच्या मुखातून मिळाली म्हणजे मनाला टोचणी राहत नाही. तशीच सावधगिरी उपवासांबाबत. तयारीच्या काळात पर्युषण किंवा दशलक्षण पर्व आले आणि अठाईची भावना झाली, तर इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. औषध चालू आणि अन्न बंद, यात साखर एकाएकी उतरून प्राणावर बेतू शकते. शिवाय लांब उपवासात मेदाबरोबर स्नायूही झिजतात; शस्त्रक्रियेला सामोरे जाताना स्नायू हीच तर शिल्लक असते. २०२५ पासून भारतात वजन घटविण्याची नवी इंजेक्शने मिळू लागली आहेत. ती चालू असतील तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण त्यांमुळे जठर उशिरा रिकामे होते.

आणखी एक धोका प्रेमाच्या रूपाने येतो. तारीख ठरली की नातलग म्हणतात, ‘आता पुढे खायला मिळणार नाही, तोवर खाऊन घे.’ बहीण दालबाटीला बोलावते, साडू संत्र्याची बर्फी घेऊन येतो. शस्त्रक्रियेआधी वजन पाच किलोंनी वाढल्याचा प्रकार याच मायेतून घडतो. यकृत पुन्हा फुगते आणि डॉक्टर तारीख पुढे ढकलतात.

तारीख पुढे जाणे हा या सगळ्या काळातील अवघड दिवस होय, मग कारण कोणतेही असो : साखर नियंत्रणात नाही, दुर्बिणीच्या तपासणीत जठरात जंतू आढळला, विम्याची मंजुरी आली नाही. माणूस म्हणतो, ‘दोन महिने ताक आणि सूप पिऊन काय मिळाले?’ त्या संध्याकाळी घरच्यांनी त्याला एकटे सोडू नये. उपदेशही करू नये. मुकाट्याने त्याच्याबरोबर फिरायला निघावे. दोन महिन्यांत उतरलेली साखर, मोकळा झालेला श्वास आणि जिन्यावर न थांबता चढलेला एक मजला ही कमाई तारखेबरोबर पुढे ढकलली जात नाही.

इजिप्तमधील इमान अहमद या महिलेला २०१७ च्या फेब्रुवारीत विमानाने मुंबईस आणले, तेव्हा तिचे वजन ५०० किलोंच्या आसपास होते. मार्चमधील शस्त्रक्रियेआधीच, केवळ आहार, औषधे आणि अंथरुणावरील व्यायाम यांनी, ते शंभर किलोंच्या आसपास उतरले होते. इतर व्याधींनी तिला ग्रासले होते. त्याच वर्षी सप्टेंबरात अबुधाबी येथे तिचे निधन झाले. शस्त्रक्रियेकडे चमत्कार म्हणून पाहणाऱ्यांनी तिच्या कथेचे दोन्ही भाग वाचावेत.

शेवटी विश्वस्त मंडळापुढे एक लहानशी मागणी. सुवर्णमहोत्सवानिमित्त सभागृहासाठी जी नवी खरेदी होणार आहे, तीत २०० किलोंपर्यंत मोजणारा एक वजनकाटा घ्यावा, कारण घरगुती काटे दीडशेच्या आसपास थांबतात आणि ज्याला मोजण्याची गरज आहे त्यालाच ते मोजत नाहीत. आणि प्लास्टिकच्या हातांच्या खुर्च्यांबरोबर दहा-बारा भक्कम, रुंद, बिनहातांच्या खुर्च्याही घ्याव्यात. सध्याच्या खुर्चीत जो मावत नाही, तो प्रवचनाच्या वेळी मागे भिंतीला टेकून उभा राहतो, आणि पुढच्या रविवारपासून येत नाही.